कारखानदार मंडळींना खुलं पत्र: गेटबाहेर काढलेला माणूस जातो कुठं?

प्रति,
उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, नावगे भागातले कारखानदार मालक, त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी, आणि हो, सगळे लेबर कॉन्ट्रॅक्टर सुद्धा

नमस्कार मंडळी,

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मसुदा फिरतोय, तो माझ्यापर्यंत पण आला. येणारच, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे पीएफ आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) कागद मीच करतो आणि कुठलाही कागद आला की "जरा बघा हो काय आहे ते" म्हणून माझ्याकडं फॉरवर्ड होतो. मसुद्यात थोडक्यात असं आहे की सगळ्या कामगारांची न सांगता लघवी तपासायची, एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) किंवा तसलं काही सापडलं की त्याच दिवशी हिशोब करून गेटबाहेर, आणि नाव बाकीच्या सगळ्या कारखान्यांना कळवायचं म्हणजे त्याला बेळगावात परत कुठं उभं करून घेऊ नये. त्याच्याखाली एका मालकांनी लिहिलंय की हे सगळं रिकामटेकड्या पोरांचं काम, कामाचा माणूस नशा करत नाही. त्यावर अंगठ्यांची रांग लागलीय. मला त्या अंगठ्यांची जास्त काळजी वाटली म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल त्यांचं पण काम होईल. एमडी, मेथ (मेथअ‍ॅम्फेटामिन), कोकेन, अ‍ॅम्फेटामिन ही जी तरतरी आणणारी ड्रग्ज आहेत, स्टिम्युलंट म्हणतात ती, त्यांचं आणि नोकरीचं नातं तिहेरी आहे. माणूस काम मिळावं म्हणून घेतो, मिळालेलं काम टिकावं म्हणून घेतो, आणि काम गेलं की मग तर विचारूच नका. अशा माणसाचं काम काढून घेतलं की तुम्ही त्याला सरळ तिसऱ्या पायरीवर नेऊन सोडता. आणि यातून माणूस बाहेर काढायला तुमच्याकडं जे एकमेव खरं हत्यार आहे ना, काम आणि पगार, तेच तुम्ही पहिल्या दिवशी हातातून टाकून द्यायला निघालाय.

आता आकडे, माझा धंदाच तो आहे. अमेरिकेत सरकार दरवर्षी लोकांच्या घरी जाऊन ड्रग्जचा सर्व्हे करतं. २०१३ च्या सर्व्हेत १८ वर्षांवरच्या बेकारांमध्ये बेकायदा ड्रग्ज घेणारे निघाले १८.२ टक्के, पार्ट टाईमवाल्यांत १३.७ आणि फुल टाईम नोकरीवाल्यांत ९.१. बेकारांत प्रमाण फुल टाईमवाल्यांच्या बरोबर दुप्पट. इथं थांबलं तर मालकांचं ते वाक्य खरं वाटतं, नाही का? पण त्याच सर्व्हेत पुढं लिहिलंय की घेणारी मोठी माणसं एकूण २ कोटी २४ लाख आणि त्यातली १ कोटी ५४ लाख, म्हणजे ६८.९ टक्के, कुठं ना कुठं कामावर होती! कारण अगदी साधं आहे, कामावर असलेल्यांची संख्याच मुळात बेकारांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे त्यांच्यातले टक्के कमी असले तरी डोकी जास्त भरतात. (त्यात गांजावाले सगळ्यात जास्त होते हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर मी सोयीचा आकडा उचलला असं होईल.) म्हणजे बेकार माणसाला धोका जास्त हे खरं, आणि घेणाऱ्यांतले बहुतेक सकाळी डबा घेऊन कामावर जातात हे पण खरं. तुमच्या मसुद्यात पहिलं आहे, दुसरं नाही.

आपल्या देशाचं म्हणाल तर एम्सनं केलेला सर्व्हे २०१९ ला बाहेर आला, १० ते ७५ वयाच्या लोकांचा. त्यात दारू घेणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस २.८, अफू-हेरॉईनच्या जातीचं २.१, आणि अ‍ॅम्फेटामिनच्या जातीची स्टिम्युलंट ०.१८ टक्के, कोकेन ०.१०. म्हणजे अ‍ॅम्फेटामिनवाले हजारात दोन पण नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय कारण ग्रुपवर वाचलं तर वाटतं प्रत्येक शेडमध्ये एमडीची पुडी आहे. तसं नाहीये. आपल्या शेडमधला खरा सावकार अजून पण दारूच आहे, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी बघितली तर ते सांगायला सर्व्हे पण नको. पण त्या सर्व्हेचं काम झालं २०१८ मध्ये, आणि त्यानंतर आपल्या शेजारी काय काय सापडलं ते पेपरात तुम्ही पण वाचलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतनं माल पकडला, त्याचा धागा निघाला सांगलीच्या कुपवाडला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या क्राईम ब्रँचनं कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला एमडी बनवायचा कारखानाच पकडला. कागवाड ओलांडलं की म्हैसाळ, म्हैसाळ ओलांडलं की मिरज, आणि मिरजेला लागूनच कुपवाड. लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे तो, नकाशावरच्या बॉर्डरला तिथं कोण विचारतंय. शिवाय पलीकडं चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यामुळे आकडा आज बारका आहे म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाहीये, बारका आहे तोवरच शहाणपणानं वागा एवढंच म्हणतोय.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. दारू पिऊन माणूस काम टाळतो. गांजा ओढून बसून राहतो. ही दुसरी जात मात्र कामाशीच बांधलेली आहे, झोप घालवते, भूक मारते, आठ तासाचा माणूस सोळा तास उभा राहतो आणि त्याला वाटतं आपल्याला काहीच झालेलं नाही. मेथ पहिल्यांदा बनवलं जपानमध्ये, १८९३ साली. १९४१ च्या सुमाराला तिथं ते हिरोपोन नावानं दुकानात मिळायला लागलं, युद्धाच्या काळात सैनिकांना आणि कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांना देत होते, का तर माल जास्त निघावा म्हणून. युद्ध संपलं, साठे बाजारात आले, काम गेलेली माणसं तेच घेत बसली आणि शेवटी १९५१ मध्ये त्यांना कायदा करून ते बंद करावं लागलं. थायलंडमध्ये ट्रकवाले आणि शेतातले मजूर असल्याच गोळ्या घेत होते, तेव्हा तिथं त्याला घोड्याचं औषध म्हणायचे, १९९६ मध्ये तिथल्या सरकारनं नाव बदलून वेड्याचं औषध केलं, म्हणजे लोकांना भीती वाटावी. गोळी तीच. सांगायचा मुद्दा असा की हे ड्रग पहिल्यापासून पार्टीतल्या श्रीमंत पोरांइतकंच मजुराचं आहे, आणि बऱ्याच वेळेला त्यामागं कुणालातरी जास्त माल काढून पाहिजे होता.

आता आपल्या शेडमध्ये या. फेटलिंगला बसलेला पोरगा घ्या, कास्टिंगचे काठ घासायचे, ग्राइंडर हातात, पीस रेटवर. जेवढे नग तेवढे पैसे. त्याच्या नावावर कुठं तरी उचल घेतलेली असते, घरात बहिणीचं लग्न किंवा आईचं ऑपरेशन, आणि मुकादम सांगतो दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही, डबल मार. पहिल्यांदा चहा, मग तंबाखू, मग गुटखा, आणि कुणीतरी एक दिवस म्हणतो "हे घेतलं की झोपच येत नाही बघ, घेऊन बघ गा जरासं". त्या महिन्यात तो पोरगा सगळ्यात जास्त नग काढतो. तुम्ही त्याचं कौतुक करता, मुकादम बाकीच्यांना म्हणतो त्याच्याकडनं शिका. कुणालाच शंका येत नाही कारण शंका घेण्यासारखं काही दिसतच नाही, हजेरी पूर्ण, ओटी (ओव्हरटाईम) पूर्ण. दोन-चार महिन्यांनी मग सुरू होतं ते खाली पडणं. अंगातली सगळी उधारी एकदम वसूल होते, माणूस दीड-दोन दिवस झोपून राहतो, उठला की चिडचिड, कुणीतरी आपल्या मागं आहे असं वाटत राहतं, भांडणं. तुमच्या हजेरीच्या मस्टरवर ते "सांगून न येता गैरहजर" म्हणून उमटतं. मस्टर माझ्याकडं येतं तेव्हा मला नाव आणि खाडा दिसतो फक्त, पण आधीच्या महिन्यातली ओटी आणि नंतरचे खाडे शेजारी ठेवून बघितले की काही काही नावांत हा प्रकार स्पष्ट कळतो. सगळेच ड्रग घेतात असं नाही हां, कितीतरी जण नुसते थकून पडलेले असतात. पण दोन्हीची सुरुवात एकाच जागी आहे.

आणि भट्टीपुढं हे जास्त धोक्याचं आहे ते कुणी बोलत नाही. ही सगळी ड्रग्ज अंगातलं तापमान वाढवतात, हृदयाचे ठोके वाढवतात, तहान लागल्याची जाणीव कमी करतात. आता हे एप्रिल महिन्यात पोअरिंगवर, म्हणजे साच्यात लोखंड ओतायला, असलेल्या माणसाला लावून बघा. बाहेर ऊन, समोर वितळलेलं लोखंड, अंगात हे, आणि पाणी प्यायची आठवण नाही. चक्कर येऊन पडला तर आपण म्हणणार उष्माघात. प्रेसवर हात गेला तर म्हणणार निष्काळजीपणा. तुम्हाला सेफ्टीची खरंच चिंता असेल तर ठराव इथून सुरू व्हायला पाहिजे, पाण्यापासून आणि सलग पाळ्यांपासून. कर्नाटकानं २०२३ मध्ये कायद्यात बदल करून दिवसाला १२ तासांपर्यंत काम चालेल म्हटलं, पण आठवड्याचे ४८ तास तेवढेच ठेवले, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर. किती ठिकाणी दुप्पट मिळतो ते मी इथं लिहित नाही, रजिस्टर तुमच्याकडं पण आहे आणि माझ्याकडं पण.

काम मिळायच्या आधीचं पण सांगतो, कारण रिकामटेकडी म्हणून ज्यांची गोष्ट तुम्ही करता ती पोरं हीच. खानापूरकडच्या, येळ्ळूर-कडोली-उचगाव भागातल्या गावात पहाटे बघा कधी, रस्त्यावर पोरं पळताना दिसतात, आर्मी भरतीसाठी. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात, त्यामुळे घराघरात कुणीतरी फौजेतला आहे आणि प्रत्येकाला वाटतं आपलं पण होईल. २०२२ मध्ये अग्निपथ आलं, वयाची अट कडक, नोकरी चार वर्षांची, चारातल्या एकालाच पुढं ठेवणार. त्यात ते १६०० मीटर ठरलेल्या वेळेत पळायचं. जिममधनं या पोरांपर्यंत एक इंजेक्शन पोचलंय, मेफेंटरमिन म्हणून, ते खरं म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर बीपी खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात. पोरं ते दम टिकावा म्हणून टोचून घेतात. एमडी नाही, पुडी नाही, मेडिकलमधला माल, त्यामुळे घेणाऱ्याला वाटत पण नाही की आपण काही वाईट करतोय. यात त्या पोराचा आळस कुठं आहे सांगा? नोकरी लागावी म्हणूनच तर चाललंय सगळं. भरती हुकली, वय निघून गेलं, की तोच पोरगा तुमच्या गेटवर हेल्पर म्हणून उभा राहतो आणि सवय सोबत घेऊन येतो.

बाकी शिकलेल्यांचं काय सांगू. मराठी शाळेत शिकून डिग्री घेतली, इथल्या सरकारी नोकरीला कन्नडचा पेपर, तिकडं महाराष्ट्र म्हणतो ८६५ गावं आमचीच आणि सीमाभागातल्या पोरांना सवलत देतो पण जागा किती आणि अर्ज किती ते बघा. मग कोल्हापूर, पुणे, नाहीतर गोव्यात हॉटेलात किंवा शिपवर. या भांडणावर मी इथं जास्त बोलत नाही, सत्तर वर्षं बोलणारे बोलतायत. पण वाट बघत घरी बसलेला तरुण हा स्टिम्युलंटचं दुसरं गिऱ्हाईक आहे हे तुम्ही मान्य कराल. बेकारी आणि व्यसनावर १९९० ते २०१० या काळात जगभर झालेला अभ्यास डीटर हेंकेल नावाच्या जर्मन संशोधकानं एकत्र वाचून काढला, २०११ मध्ये छापला. त्याचा निष्कर्ष असा की बेकारीनं व्यसनाचा धोका वाढतो, व्यसनानं बेकारीचा धोका वाढतो, म्हणजे चाक दोन्हीकडनं फिरतं, आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उपचार घेऊन सुटलेला माणूस बेकार राहिला तर परत घसरायची शक्यता जास्त. हे शेवटचं परत एकदा वाचा आणि मग मसुद्यातलं ते "नाव सगळ्या कारखान्यांना कळवणे" वाचा.

लघवीच्या टेस्टबद्दल, कारण त्यावर पैसे घालवायला तुम्ही तयार आहात. जे साधं पाच तपासण्यांचं किट मिळतं त्यात अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, अफूची जात, गांजा आणि पीसीपी नावाचं एक ड्रग, एवढंच असतं. मेफेड्रोन, म्हणजे ज्याच्या नावानं हा सगळा गोंधळ चालू आहे तो एमडी, त्यात नाही! त्यासाठी वेगळी तपासणी लागते. मेथ, कोकेन दोन-चार दिवसांत लघवीतनं निघून जातं, गांजा मात्र रोज ओढणाऱ्याच्या अंगात काही आठवडे सापडू शकतो. म्हणजे रविवारी शेतात बसून गांजा ओढणारा म्हातारा मोल्डर (साचे करणारा) पकडला जाणार आणि एमडीवाला हसत बाहेर पडणार. वर सर्दीच्या काही गोळ्यांनी, स्यूडोएफेड्रिन असलेल्या, अ‍ॅम्फेटामिनची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लॅबमध्ये पक्की तपासणी केल्याशिवाय कुणाच्या पोटावर पाय देणार तुम्ही, एका पट्टीवरच्या रेघेवरनं? ज्याला काढाल तो उद्या लेबर कोर्टात गेला तर चौकशी कुठं, नोटीस कुठं, हे पहिलं विचारणार, आणि ते कागद मग रात्री अकरा वाजता माझ्याकडं मागणार तुम्ही.

कायदा नुसता पकडा आणि आत टाका एवढाच आहे असा पण समज आहे. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा कडक आहे हे खरं, मेफेड्रोन त्यात फेब्रुवारी २०१५ ला घातलं. विकणाऱ्याला, साठा करणाऱ्याला मोठी शिक्षा, ती व्हायलाच पाहिजे, तुमच्या गेटजवळच्या टपरीवर कोण येतं जातं ते सांगायचं असेल तर १९३३ हा फोन नंबर आहे, जरूर सांगा. पण घेणाऱ्यासाठी त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या मालासकट सापडलेला किंवा घेतल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही, फक्त उपचार अर्धवट टाकून पळाला तर ती सवलत जाऊ शकते. म्हणजे संसदेनं पण दार उघडं ठेवलंय, आणि आपण बेळगावात ते लावून घेणार. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यानं दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारात धरलेत आणि उपचाराची माहिती गुप्त राहावी हा पेशंटचा हक्क मानलाय. तुमची ती सगळ्या कारखान्यांना पाठवायची यादी याच्या अगदी उलट्या दिशेला चाललीय.

आता ईएसआय, इथं तरी माझं ऐका कारण यात मी मुरलोय. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराचे तुम्ही ३.२५ टक्के भरता, त्याचे ०.७५ टक्के कापता. वर्षानुवर्षं भरता आणि म्हणता याचा उपयोग काय. उपयोग हा आहे, भरणा ठरलेल्या दिवसांचा पूर्ण असेल तर आजारपणात त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम ईएसआय देतं, तुमच्या खिशातनं नाही. डॉक्टरनं उपचारासाठी सर्टिफिकेट दिलं की घर चालायला काहीतरी येत राहतं, आणि १९४८ च्या कायद्यातल्या कलम ७३ मध्ये तर लिहूनच ठेवलं होतं की आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं कामगाराला काढायचं नाही. आता नवीन कामगार कोड (कायदे) आले, नंबर बदलतील, पण ज्यांनी तो लिहिला त्यांना एवढं कळत होतं की आजारी माणसाला घरात पैसा आणि परत यायला जागा, दोन्ही लागतात.

उपचार म्हणजे काय हे पण माहीत असू दे. अफू-हेरॉईनवाल्याला बदली गोळी देता येते, स्टिम्युलंटसाठी अशी मान्यता मिळालेली गोळी अजून नाही. समुपदेशन लागतं, झोप-जेवण रुळावर आणावं लागतं, आणि ज्या पद्धतीचा सगळ्यात चांगला परिणाम दिसलाय ती म्हणजे टेस्ट क्लीन आली की लगेच हातात काहीतरी बक्षीस. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये केनेथ सिल्व्हरमन आणि त्यांच्या टीमनं हेच पगाराला जोडलं. व्यसनी, बरेच दिवस बेकार असलेल्या लोकांना काम दिलं, ट्रेनिंग दिलं, अट एकच, टेस्ट क्लीन तर आजचं काम आणि आजचा पगार. नाही आली तर आज काम नाही, उद्या परत ये. काम होतं तोवर लोक टिकले, आणि काम बंद झाल्यावर बरेच परत घसरले, हे पण त्यांनीच लिहिलंय. बघा, टेस्ट तिथं पण आहे. मी टेस्टच्या विरोधात नाहीच. तुमच्या मसुद्यात टेस्ट माणसाला बाहेर फेकायला आहे, तिथं ती माणसाला उद्या परत आत घ्यायला आहे.

आपल्याला तेवढं मोठं काही जमवायची गरज नाही. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बसनं दोन तास, इथं सरकारी जिल्हा हॉस्पिटल आहे, ईएसआयचं हॉस्पिटल आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर आहे, १४४१६ टेली-मानस, मानसिक त्रासासाठीचा, तो २०२२ पासून चालू आहे. हे दोन नंबर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डावर लावले तर कुणी वाचत उभा राहणार नाही, चार लोक बघतात.

आणि आता लेबर कॉन्ट्रॅक्टर मंडळी. वरचं सगळं, ईएसआय, रजा, चौकशी, हे प्रत्यक्षात मिळतं ते फक्त कारखान्याच्या रोलवर असलेल्याला. तुमचा माणूस हप्त्यावर, नाव एका महिन्यात एक, दुसऱ्या महिन्यात दुसरंच, भरणा तुटक, त्यामुळे ईएसआयला लागणारे दिवसच भरत नाहीत. डबल पाळी सगळ्यात जास्त तोच मारतो, पडला तर त्यालाच काही मिळत नाही, आणि त्याची चौकशी पण होत नाही, "उद्यापासनं येऊ नको" एवढं फोनवर सांगितलं की झालं. सर्व्हेवाले फुल टाईम, पार्ट टाईम आणि बेकार असे खाने करतात, आपल्याकडं आणखी एक खाना मोठा आहे, काम आहे पण नोकरी नाही. मला विचाराल तर धोका सगळ्यात जास्त तिथंच आहे. हा माझा अंदाज, कुठल्या अभ्यासातला आकडा नाही, पण मस्टर बघून बघून झालेला अंदाज आहे.

तर मागणी काय. "त्याच दिवशी गेटबाहेर" हे काढा, त्या जागी लिहा की पक्की लॅब टेस्ट, मग माणसाला बंद खोलीत बसवून विचारणा, मग उपचाराला पाठवायचं, रजा ईएसआयवर, आणि परत आल्यावर तीन-चार महिने भट्टी, प्रेस आणि रात्रपाळी सोडून दुसरं काम. दुसऱ्यांदा घसरला तर परत एकदा संधी, तिसऱ्यांदा चौकशी लावा, मी काही म्हणणार नाही. कारखान्यात विकताना सापडला तर सरळ पोलीस. यादी कळवायचं कलम पूर्णच काढा. सलग दोन पाळ्या कुणालाच द्यायच्या नाहीत हे घाला, आणि हे मुकादमाला पण लागू, कारण मालकाला माहीत नसताना डबल लावणारा बऱ्याच वेळेला तोच असतो. उचलीचा हिशोब कामगाराला लेखी द्या. अशा पोराकडं "अजून किती फिटलं" याचं उत्तर नसतं, म्हणून तो थांबत पण नाही.

ऑर्डर वेळेत गेली नाही तर पुण्याची कंपनी दंड लावते, ते मला माहीत आहे, तुमचे पण गळे आवळलेलेच आहेत. पण एक कसलेला मोल्डर तयार व्हायला वर्षं जातात आणि तुम्हीच दर मीटिंगला रडता की माणसं मिळत नाहीत, सगळी गोव्याला आणि पुण्याला गेली. मग असलेली का घालवताय?

बदललेला मसुदा मी मराठी आणि कन्नड दोन्हीत टाईप करून देतो, त्याचे पैसे नकोत. मीटिंग रविवारी ठेवणार असाल तर एवढंच करा, कामगारांतले दोघं-तिघं बोलवा, त्यातला एक तरी कॉन्ट्रॅक्टवरचा असू दे, आणि त्याला त्या दिवसाची हजेरी लावा.

आपला,
पीएफ-ईएसआयचे कागद करणारा,
उद्यमबाग, बेळगाव